श्लेष पकडावा कसा: कोल्हापुरात बसून जॉइस वाचणाऱ्यांसाठी

जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ वाचायची ठरवलीत, तर सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट पहिल्याच दिवशी सोडा. या पुस्तकातला शब्दखेळ पुष्कळदा त्यातल्या पात्रांनाही कळत नाही. कुणी चुकीचं ऐकतं, कुणी चुकीचं टाइप करतं, छापखाना एखादं अक्षर गिळतो, आणि त्या चुकांवर गोष्ट पुढं सरकते. शब्दकोश घेऊन बसणाऱ्यापेक्षा कान उघडे ठेवणाऱ्याच्या हाताला इथं जास्त लागतं. ज्याला इंग्रजी बऱ्यापैकी येतं, साहित्याची पदवी नाही आणि रविवारची सकाळ मोकळी आहे, असा वाचक डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितोय.

प्रत, पेन्सिल आणि जुजबी माहिती

‘युलिसिस’ २ फेब्रुवारी १९२२ रोजी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. त्या दिवशी जॉइसला ४० वर्षं पूर्ण झाली. प्रकाशक होती सिल्व्हिया बीच, ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या पुस्तकांच्या दुकानाची मालकीण. अमेरिकेत पुस्तकावर अश्लीलतेचा ठपका होता. तो १९३३ साली न्यायाधीश जॉन वूल्झी यांच्या निकालानं पुसला गेला. गोष्ट एकाच दिवसाची आहे: १६ जून १९०४, डब्लिन शहर. लिओपोल्ड ब्लूम वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवतो. त्याची बायको मॉली गायिका आहे. स्टीफन डेडॅलस हा तरुण शाळेत शिकवतो, उसनवारी करतो आणि गरजेपेक्षा जास्त विचार करतो.

पुस्तकात १८ प्रकरणं आहेत. अभ्यासक प्रत्येकाला होमरच्या ‘ओडिसी’वरून घेतलेलं नाव वापरतात: कॅलिप्सो, सायरन्स, सायक्लॉप्स वगैरे. ही नावं कादंबरीत छापलेलीच नाहीत, आणि नवा वाचक इथंच पहिल्यांदा गोंधळतो. मार्गदर्शक पुस्तक म्हणतं ‘सायक्लॉप्स बघा’, आणि तुम्ही अनुक्रमणिका शोधत बसता. म्हणून आधी पेन्सिलीनं प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर आकडा आणि नाव लिहून घ्या.

जॉइस १९४१ साली वारला. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळं हे पुस्तक भारतात केव्हाच मुक्त झालंय. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते फुकट मिळतं. तरीही कागदी प्रत घ्या, समासात लिहिता येतं. विकत घ्यायची नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरात (हे वाचनालय १८५० पासून आहे) किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करा. गटानं वाचणार असाल तर सगळ्यांनी एकच आवृत्ती घ्यायची, नाहीतर निम्मी बैठक पानं जुळवण्यात जाते. डॉन गिफर्ड यांचं टिपांचं जाडजूड पुस्तक मिळालं तर उत्तम, पण पहिल्या वाचनात ते मिटलेलंच ठेवा. का, ते पुढं कळेल.

संज्ञाप्रवाह, म्हणजे पात्राच्या मनातले विचार जसे येतील तसेच मांडणं, हे मराठीत आधी चाखून बघायचं असेल, तर मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) वाचा. नाही वाचलीत तरी अडणार नाही.

चौथ्या प्रकरणापासून सुरू करा

पहिली तीन प्रकरणं स्टीफनची आहेत. तिसऱ्यात तो समुद्राकाठी एकटाच चालत ॲरिस्टॉटलपासून सुरुवात करतो, आणि बहुतेक वाचक त्या वाळूत रुततात. माझं सरळ मत: चौथं प्रकरण आधी घ्या. ब्लूम सकाळी उठतो, मांजरीशी बोलतो, खाटकाकडून डुकराचा गुर्दा आणतो, परततो, थोडा करपवतो, खातो. प्राण्यापक्ष्यांचे आतले अवयव आवडीनं खाणारा नायक कोल्हापूरकराला परका वाटायचं काही कारण नाही. पाचवं आणि सहावं प्रकरण संपवून मग पहिल्याकडं वळा. तोवर लेखकाची लकब अंगवळणी पडलेली असते.

ही लकब म्हणजे काय? ब्लूम काय करतो हे निवेदक सांगतो, आणि त्याच ओळीत, अवतरणचिन्हं न देता, ब्लूमचा विचार मध्येच सुरू होतो. विचार तुटक असतात. कर्ता गायब, क्रियापद गायब. मनात बोलताना आपण तरी कुठं पूर्ण वाक्यं बोलतो? बोललेला संवाद असेल तिथं ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ असते. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मी दमछाक कमी होते.

मोठ्यानं वाचा, आणि एकट्यानं नको

चौथ्या प्रकरणातली मांजर तीनदा ओरडते आणि तीनही वेळा वेगळी ओरडते. देवनागरीत लिहायचं तर आधी ‘म्क्न्याओ’, मग ‘म्र्क्न्याओ’, मग ‘म्र्कर्न्याओ’. दूध मिळेपर्यंत तिचा ‘र’ वाढत जातो. डोळ्यांनी वाचणारा हे तिन्ही ‘म्याऊ’ समजून पुढं जातो. मोठ्यानं वाचणारा तिसऱ्या वेळी हसतो. पुस्तकभर असंच आहे. श्लेष कानाला लागतो, आणि इंग्रजी स्पेलिंग तो अनेकदा लपवतं.

अकरावं प्रकरण तर पुरतं कानावरच उभं आहे. त्याच्या सुरुवातीला तुटक तुकड्यांची रांग लागते. अर्थ लागत नाही, छपाई बिघडली की काय असं वाटतं. ते तुकडे म्हणजे गाण्याआधी वाद्यांनी वाजवून दाखवलेल्या जागा आहेत. प्रत्येक तुकडा पुढं त्याच प्रकरणात आपापल्या ठिकाणी येतो. म्हणून ती पानं एकदा मोठ्यानं वाचा, समजून घ्यायच्या फंदात पडू नका, प्रकरण संपवा आणि परत येऊन पुन्हा वाचा. देवल क्लबात बसून ज्याचा कान तयार झालाय असा कुणी गटात असेल तर हे प्रकरण त्याच्या हाती सोपवा.

गट करताना पदव्या बघू नका, भाषा बघा. निपाणीकडचा कन्नड बोलणारा, उर्दू वाचणारा, जाहिरात संस्थेत काम केलेला, आणि चर्चमधली उपासना आतून माहीत असलेला असा एकेक जण असला तर फार बरं. कादंबरीची सुरुवातच कॅथलिक मिसाच्या टिंगलीनं होते: स्टीफनचा सोबती मलिगन दाढीच्या साबणाचं भांडं उंच धरून पाद्र्यासारखं लॅटिन बोलतो. हे ज्याला ओळखीचं आहे तो दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. बाकीचे तासभर टिपा चाळतात. चारपाच जण पुरेत. दहा झाले की व्याख्यान सुरू होतं.

एकट्यालाच वाचावं लागणार असेल, तर आयरिश रेडिओनं जॉइसच्या जन्मशताब्दीला, १९८२ साली, संपूर्ण कादंबरी नाट्यवाचनाच्या रूपात प्रसारित केली होती. ते ध्वनिमुद्रण लावा आणि पुस्तक समोर ठेवा.

एक शब्द धरा आणि त्याच्या मागं जा

आता खरं काम. एक वही करा. प्रत्येक पानाचे अर्थ लिहायला ती वापरू नका. एक शब्द निवडायचा आणि तो जिथं जिथं येईल तिथला पान क्रमांक आणि प्रसंग टिपायचा, एवढंच. पहिल्यांदा ‘थ्रोअवे’ घ्या.

पाचव्या प्रकरणात ब्लूमला रस्त्यात बँटम लायन्स नावाचा ओळखीचा माणूस भेटतो. त्याला शर्यतीची बातमी बघायला ब्लूमच्या हातातलं वर्तमानपत्र हवंय. ब्लूमला तो टळावा असं वाटतं. तो म्हणतो, ठेव तुलाच, मी ते टाकूनच देणार होतो. इंग्रजीत ‘थ्रो इट अवे’. लायन्स चमकतो, पुन्हा विचारतो, ‘रिस्क घेतो’ म्हणतो आणि सुटतो. ब्लूमला काही कळत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही कळत नाही, आणि लेखक समजावून सांगायला थांबत नाही.

आठव्या प्रकरणात कुणीतरी ब्लूमच्या हातात धार्मिक पत्रक ठेवतो. फुकट वाटायच्या अशा कागदालाही इंग्रजीत ‘थ्रोअवे’च म्हणतात. त्यावर ‘ब्लड ऑफ द लॅम्ब’ असं काहीसं आहे. ब्लूम पहिली अक्षरं वाचतो, ‘ब्लू...’, आणि क्षणभर त्याला वाटतं आपलंच नाव. पत्रकावर जाहीर केलंय की बायबलमधला एलिजा प्रेषित येतोय. ब्लूम त्याचा बोळा करून पुलावरून लिफी नदीत टाकतो. दहाव्या प्रकरणात तो बोळा नदीतून वाहताना अधूनमधून दिसत राहतो.

बाराव्या प्रकरणात बार. बातमी येते की अ‍ॅस्कटच्या गोल्ड कपमध्ये थ्रोअवे नावाचा घोडा एकास वीस या भावानं जिंकला. (खरोखरच जिंकला होता; १९०४ च्या त्या दिवशी, त्या नावाचा घोडा, त्याच भावात.) लेनेहन नावाचा एक जण हरलाय, त्याचे पैसे सेप्टर या घोडीवर होते. लायन्स थ्रोअवेवर पैसे लावायला निघाला होता, त्याला आपणच परावृत्त केलं, हेही तोच सांगतो. लायन्सला ही टिप दिली कुणी? ब्लूमनं! मग ब्लूमनं स्वतः नक्की कमावले असणार, आणि आता गपचूप पैसे गोळा करायला गेलाय. परत आल्यावर तो कुणालाच पेग पाजत नाही म्हटल्यावर सगळे पेटतात. त्यात तो ज्यू. प्रकरण संपतं तेव्हा बिस्किटांचा डबा त्याच्या दिशेनं भिरकावला जातो, आणि निवेदन एकाएकी बायबलच्या थाटात जाऊन ब्लूमला एलिजासारखं रथातून स्वर्गात चढवतं. पत्रकावर येणार म्हणून जाहीर झालेला एलिजा हा असा येतो.

शब्द एक. पण त्यात वर्तमानपत्र आहे, पत्रक आहे, घोडा आहे, आणि ज्याच्यावर कुणी पैसे लावत नाही असा एक माणूस आहे. ब्लूमला हे सगळं रात्री, सतराव्या प्रकरणात, फाटलेल्या पैजेच्या चिठ्ठ्या दिसल्यावर उमगतं. तुमच्या वहीत तोवर पाचसहा नोंदी जमलेल्या असतील आणि त्या एकाखाली एक वाचताना जी मजा येते ती टिपांच्या पुस्तकातून मिळत नाही. गिफर्ड मिटून ठेवा म्हटलं ते याचसाठी. टिपा पहिल्याच ठिकाणी घोड्याचं नाव सांगून मोकळ्या होतात.

चुकांसाठी वेगळं पान

त्याच वहीत एक पान फक्त चुकांना द्या. मार्था नावाची बाई ब्लूमला चोरून पत्रं लिहिते. तिला ‘वर्ड’ लिहायचंय, पण ‘वर्ल्ड’ लिहिते: मला ते दुसरं ‘जग’ आवडत नाही. ब्लूम पुढच्याच प्रकरणात स्मशानात उभा आहे, तिथं त्याला हे वाक्य आठवतं आणि त्याचा अर्थ पालटतो. परलोक त्यालाही आवडत नाही. एका जादा अक्षरानं प्रेमपत्रातला लटका राग कबरीपर्यंत पोचतो.

त्याच अंत्ययात्रेची बातमी संध्याकाळच्या अंकात येते. हजर असलेल्यांत ब्लूमचं नाव ‘एल. बूम’ छापलंय. आणखी एक नाव आहे ‘मॅकिंटॉश’. हा कोण? स्मशानात मॅकिंटॉश, म्हणजे रेनकोट, घातलेला एक अनोळखी माणूस उभा होता. बातमीदारानं त्याच्याविषयी विचारलं, ब्लूम कोटाविषयी ‘मॅकिंटॉश’ म्हणाला, बातमीदाराला ते आडनाव वाटलं. पुढं सबंध पुस्तक हा मनुष्य त्या नावानं वावरतो.

आपल्या भागात कलगी-तुऱ्याची भेदिक शाहिरी ज्यांनी ऐकली आहे त्यांना दुहेरी अर्थाची सवय असते. एक फड कूट घालतो. वर नात्यागोत्यांची चमत्कारिक गोष्ट, आत देह, जीव आणि माया. समोरचा फड ते सोडवतो. ही सवय जॉइस वाचताना फार उपयोगी पडते, पण ती एका जागी दगाही देते. भेदिकात कूट घालणाऱ्याकडं उत्तर तयार असतं. इथं रेनकोटवाला कोण, हे सतराव्या प्रकरणात सरळ विचारलं जातं आणि तसंच राहतं. उत्तर नसलेली कुटंही या पुस्तकात आहेत. वहीत तशी जागा रिकामी सोडायला शिका.

चुकांच्या पानावरची सगळ्यांत गोड नोंद मॉलीची आहे. तिला पुस्तकात ‘मेटेम्प्सायकोसिस’ हा शब्द अडतो. ती नवऱ्याला विचारते. तो ‘आत्म्याचं देहांतर’ असं भारदस्त काहीतरी सांगतो आणि ती वैतागते, साध्या शब्दांत सांग म्हणते. तिच्या तोंडी त्या शब्दाचं झालेलं रूप ब्लूमला दिवसभर आठवत राहतं: ‘मेट हिम पाइक होझेस’. आपल्याला पुनर्जन्म म्हटलं की लगेच कळतं, आणि म्हणून इथला विनोद आपण पटकन ओलांडून जातो. थांबा. ओडिसिअस हा प्राचीन वीर १९०४ साली जाहिरात एजंट म्हणून डब्लिनमध्ये पुन्हा जन्मलाय, हीच तर कादंबरीची कल्पना. कादंबरीचं बीज लेखकानं मॉलीच्या अडखळलेल्या उच्चारात ठेवलंय.

सापडलेल्या अर्थाची परीक्षा घ्या

पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही. त्यानंतर सगळीकडंच श्लेष दिसू लागतात, आणि हा दुसरा आजार जास्त चिवट आहे. त्यावर माझ्याकडं दोन प्रश्नांचं औषध आहे. तो दुसरा अर्थ काढून टाकला तर वाक्यातलं किंवा कथेतलं काही लंगडं पडतं का? आणि तो धागा पुस्तकात दुसरीकडं कुठं पुन्हा येतो का?

सोप्या उदाहरणापासून सुरू करू. नवव्या प्रकरणात स्टीफनच्या मनात फक्त पाच स्वर येतात: ए, ई, आय, ओ, यू. तो ‘ए. ई.’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या जॉर्ज रसेल यांचा एक पौंड देणं लागतो. स्वर मोठ्यानं म्हणा: ‘ए. ई., आय ओ यू’. कर्ज काढून टाकलं तर ओळीत बालवाडी उरते. म्हणजे श्लेष खरा.

चाव्यांचंही तसंच. ब्लूम ज्या जाहिरातीसाठी दिवसभर हिंडतो ती कीज नावाच्या व्यापाऱ्याची आहे, तिच्यावर दोन किल्ल्यांची फुली हवी आहे, आणि मॅन बेटाच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचं नाव ‘हाउस ऑफ कीज’ असल्यानं त्यात स्वराज्याचाही इशारा आहे. ब्लूमची घराची चावी मात्र दुसऱ्या पॅंटमध्ये राहिली आहे, आणि स्टीफननं आपली मलिगनला देऊन टाकली आहे. रात्री हे दोघे चावीविना दारात उभे राहतात. धागा पुन्हापुन्हा येतो, म्हणजे पास.

आता अवघड. ब्लूमच्या वडिलांचं मूळ हंगेरियन आडनाव ‘विराग’. हंगेरियनमध्ये विराग म्हणजे फूल. म्हणूनच ते इंग्रजीत ‘ब्लूम’ झाले, आणि चोरट्या पत्रव्यवहारासाठी ब्लूमनं घेतलेलं नाव ‘हेन्री फ्लॉवर’. तीन भाषांत एकच फूल. पण मराठी माणसाला ‘विराग’ म्हटलं की काय दिसणार? वैराग्य! त्यातच सतराव्या प्रकरणात बायकोच्या व्यभिचाराचा विचार करताना ब्लूमच्या मनात मत्सर, हेवा, त्याग आणि शेवटी समभाव अशा अवस्था मांडल्या आहेत. हात शिवशिवतात. लेख तयार!

दोन्ही प्रश्न विचारा. वैराग्य काढून टाकलं तर काही बिघडतं? नाही, समभाव तिथं सरळ शब्दांत लिहिलेलाच आहे. धागा दुसरीकडं येतो? फुलं जागोजागी येतात, संस्कृत विराग कुठंही नाही. म्हणजे हा आपल्या भाषेनं दिलेला योगायोग. तो वहीच्या मागच्या पानावर जरूर लिहा, कारण तो सुंदर आहे. जॉइसच्या खात्यावर मात्र मांडू नका.

संस्कृत दिसलं की हुरळू नका

जॉइसच्या तरुणपणी डब्लिनच्या साहित्यिकांत थिऑसॉफीचं, म्हणजे भारतीय अध्यात्म मिसळलेल्या गूढवादाचं, बरंच वेड होतं. त्याला त्याची थट्टा करायला आवडायचं. बाराव्या प्रकरणात नुकताच वारलेला पॅडी डिग्नम प्रेतात्मा होऊन बोलतो. प्रलय, माया, आत्मा असे शब्द येतात. मग तो सांगतो, परलोकात घरं सर्व सोयींनी युक्त आहेत: ‘तालाफाना, आलावातार, हाताकाल्दा, वाताक्लासात’. मूळ छपाईत प्रत्येक ‘आ’वर संस्कृत लिप्यंतरासारखी रेघ आहे.

आमच्या बैठकीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक ‘हाताकाल्दा’चा धातू शोधू लागले होते. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘काका, हॉट अँड कोल्ड. नळ आहे तो.’ उरलेले तीन शब्द मग सगळ्यांनी एकदमच ओरडून सोडवले. टेलिफोन, एलेव्हेटर, गरम-गार पाणी आणि संडास. काका सगळ्यांत जास्त हसले. संस्कृत जाणणारा इथं पहिल्यांदा फसतो, आणि म्हणून त्यालाच सर्वांत जास्त मजा येते.

प्रत्येक प्रकरणाचा नियम ओळखा

नियम घालून घेऊन लिहिणं हा प्रकार आपल्याला नवा नाही. पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं, ज्यात ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर नाही. ‘युलिसिस’मध्ये प्रत्येक प्रकरणाला असा काहीतरी नियम आहे. सातव्यात वर्तमानपत्री मथळे. चौदाव्यात इंग्रजी गद्याच्या जुन्या शैलींपासून पुढं येत जाणाऱ्या नकला, कारण प्रसंग प्रसूतिगृहातला आहे आणि भाषाही गर्भासारखी वाढते. पंधरावं नाटक. सतरावं प्रश्नोत्तरं. नियम ओळखला की तो का, हे विचारायचं. चौदावं पहिल्या खेपेला अर्ध्यात सोडलंत तरी चालेल; मीही ते आवडीनं कधी वाचलेलं नाही.

शेवटची पायरी: ‘वेक’चं एक पान

‘फिनेगन्स वेक’ (१९३९) ही ‘युलिसिस’नंतरची कादंबरी लिहायला जॉइसला १७ वर्षं लागली. ती सलग वाचायचा विचार इतक्यात नको. पण एक सोय आहे: तिच्या आवृत्त्यांत पानांचे आकडे सहसा तेच राहतात, ३ ते ६२८, त्यामुळं कुठलीही प्रत चालते. पान १९६ ते २१६ हे प्रकरण घ्या. नदीच्या दोन काठांवर दोन धोबिणी धुणं धुताहेत आणि एका घराण्याची उणीदुणी काढताहेत. अंधार पडत जातो. वाक्यावाक्यात जगभरच्या शेकडो नद्यांची नावं दडलेली आहेत. या प्रकरणाचा शेवट जॉइसनं स्वतःच्या आवाजात १९२९ साली ध्वनिमुद्रित केला; तो इंटरनेटवर ऐकायला मिळतो. आधी तो ऐका.

मग पान २१३. वाळत घातलेले कपडे, भरून आलेलं आभाळ, आणि ही ओळ: ‘गोदावरी, व्हर्ट द शॉवर्स! अँड ग्रँट थाया ग्रेस! आमान.’ मोठ्यानं म्हणा. ‘गॉड अव्हर्ट द शॉवर्स’, देवा, सर टळू दे. ‘ग्रँट दाय ग्रेस’, कृपा कर. आमेन. प्रार्थना आहे, आणि त्याच अक्षरांत गोदावरी आहे, आणि ऑस्ट्रिया-चेकच्या सीमेवरची थाया नदी आहे. परीक्षा घ्या: नद्या काढल्या तर प्रकरणाचा नियम मोडतो, प्रार्थना काढली तर कपडे भिजतात. दोन्ही हवेत. त्र्यंबकेश्वर, सिंहस्थ, गौतम ऋषी यांची मात्र या ओळीला गरज नाही. ते मागच्या पानावर, विरागच्या शेजारी.

ही युक्ती खरी समजते ती स्वतः करून पाहिल्यावर. पंचगंगेच्या घाटावर दोन बायका धुणं आपटताहेत असं धरा आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती यांतली नावं त्यांच्या बोलण्यात लपवा. अट एकच: वाक्य ऐकणाऱ्याला साधं वाटलं पाहिजे. ‘कासारी रडकथा मलाच सांगतीस?’ हे जमतं. ‘का सारी’ ऐकू येतं आणि नदी आत वाहते. ‘भोगावतीभवती’ याहून सरस, कारण त्यात नदीकाठही आहे आणि ‘भोग अवतीभवती’ही आहे, आणि भोग म्हटला की मराठीत सुखही आलं, दुःखही आलं. तुळशी मला अजून नीट लपवता आलेली नाही. वृंदावन आडवं येतं.

इतकं जमलं की पान ५९३ बघा. रात्र संपून पहाट होते तिथं ‘संध्याज! संध्याज! संध्याज!’ अशी हाक आहे. मिसामधलं ‘सँक्टस, सँक्टस, सँक्टस’ (म्हणजे ‘पवित्र’) ज्याला माहीत आहे त्याला ते ऐकू येईल, आपल्याला रात्र-दिवसाचा सांधा दिसेल. तीनदा आलंय म्हणून त्रिकाल संध्येचा मोह होईल. त्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढा आणि पुढं चला.

पुरी ‘वेक’ हातात घ्यायची का, हे एवढ्यावरून ठरवता येईल. मला विचाराल तर त्याआधी ‘युलिसिस’चं अठरावं प्रकरण मोठ्यानं वाचून संपवा. मॉली अंथरुणात जागी आहे, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत आणि अख्ख्या प्रकरणात वाक्यं आठच आहेत. वाचणारे आळीपाळीनं बदला, पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, आणि घरात लहान मुलं असतील तर दार लावून घ्या.